अँटेनाच्या सावलीची हद्द

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तू कुणाला तरी झापत असलेली आठवावी लागते. मग आवाज लगेच येतो. भाजीवाल्याला, ‘काटा आदी रिकामा दाखव.’ दूधवाल्याला, ‘माप पालथं करून दाखव.’ शिंप्याकडे कापड टाकलं की उरलेल्या चिंध्याही परत मागायचीस, आणि घरी आणून त्या ब्लाउजच्या बाह्यांना लावून बघायचीस, कापड नेमकं कुठे गेलं ते. संशय घेणं हे आपल्या घरात तुझं खातं होतं, दुसऱ्या कुणी त्यात हात घातलेला तुला खपायचा नाही. आज मी तुझ्या खात्यात शिरून तुझ्यावरच संशय घेणार आहे. गच्चीवरची ती हद्द, अँटेनाच्या सावलीची, जिच्यावरून शेजारच्या आंटीशी तुझं जन्माचं वाकडं आलं, ती सरकते हे तुला आधीपासून ठाऊक होतं का? मला एवढंच विचारायचं आहे. बाकी जे लिहीन ते या प्रश्नापर्यंत येण्यासाठी आहे असं समज, आणि मध्येच उठून जाऊ नकोस.

सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प दोनमधलं आपलं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा. ओटा नाही, खाली बसूनच सगळं. थंडी सरत आलेली आहे. तू मोठ्या पातेल्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवते आहेस आणि मी दाराच्या उजेडात बसून भूगोल घोकते आहे. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात, सूर्याभोवती फिरते म्हणून वर्ष होतं. तुझा हात थांबतो. ‘कोन फिरतं?’ पृथ्वी, मी म्हणते. ‘आपन बसलोय ती?’ हो. तू पातेल्यात वाकून बघतेस. ‘मंग ह्यो चीक का नाय सांडत गो?’ दुसऱ्या दिवशी मी बाईंना हाच प्रश्न विचारला तर सगळा वर्ग हसला, आणि बाई म्हणाल्या, पुस्तकात दिलंय तेवढं लिही. तुला ते अजिबात पटलं नाही. ‘पुस्तक लिवनारा तरी वर जाऊन बगून आलाय का? परीक्षेत लिव त्यांना पायजे ते. पन डोळ्यानी बगितल्याबिगर मानू नको.’ मी तुझं ऐकलं. सूर्यमालेच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि त्यातलं एक अक्षरही मी मनातून मानलेलं नव्हतं. पुढे मोठी झाले, नोकरी केली, पण आत कुठेतरी मला वाटतच राहिलं की सूर्यच फिरतो आणि बाकीची सगळी वरच्या लोकांची भानगड आहे.

आपली इमारत जुन्या बरॅकीच्या जागी उठलेली. खाली शिलाईच्या मशिनींची खडखड, वर दोनच बिऱ्हाडं, आपलं आणि आंटीचं, आणि त्यावर गच्ची. ती सिंधी, तू बदलापूर गावातली शेतकऱ्याची लेक, पण दोघींचा धंदा उन्हावरचा. ती उडदाचे मिरी घातलेले पापड करायची, तू कुरडया, सांडगे आणि पोह्याचे पापड. गिऱ्हाईक वेगळं, त्यामुळे भांडायला काही कारण नव्हतं. तू तिला भाभी म्हणायचीस, ती तुला बहेन. तिचं पीठ कुटायला तुझा हात लागायचा, तुझा चीक ढवळायला तिचा. मी तिच्या घरी गेले की ती आधी पापड आणि पाण्याचा पेला पुढे करायची, ती त्यांची रीतच आहे, आणि तू मला बजावायचीस की खा, पण भाजलेला खा, तळलेला मागू नको. सख्ख्या बहिणींचं असतं त्याहून तुमचं बरं चाललं होतं. फक्त गच्ची एक आणि वाळवण पसरायच्या साड्या दोघींच्या, एवढीच अडचण होती.

सुरुवातीला तुम्ही मध्ये विटा मांडल्यात. विटांच्या या बाजूला तुझ्या साड्या, त्या बाजूला तिच्या. पण गच्चीवर पोरं पतंग उडवायची, विटा हलायच्या. तू म्हणायचीस, ‘वीट काय चालत गेली?’ ती म्हणायची, ‘अरी, मैं ईंट खाती हूँ क्या?’ मग कोळशाने रेघ मारून बघितली, तर ती सकाळच्या झाडण्यात पुसट व्हायची आणि नवी मारताना जिच्या हातात कोळसा तिच्यावर दुसरीचा डोळा. तेव्हा तोडगा तू काढलास. जिन्याच्या बाजूला आंटीच्या टीव्हीच्या अँटेनाचा खांब होता, दोन माणसांइतका उंच. संक्रांत होऊन वाळवणं नुकतीच सुरू झाली होती. तू खांबापाशी उभी राहून म्हणालीस, ‘साडेबाराचा भोंगा झाला का ह्या सावलीचं टोक जितं पडंल, तितून आडवी रेघ. जिन्याकडची बाजू तुजी, पल्याडची माजी. सावली तुला सरकवता यायची नाय ना मला.’ आंटीने खांबाला एक फेरी मारली. वर बघितलं, खाली बघितलं. तिलाही तुझ्यासारखीच खोड होती, कुठे फसवणूक दडलीय ते शोधायची. काही सापडेना तेव्हा ती हसली. ‘खंबा तो मेरा ही है. चलो, मंजूर.’ रोज भोंग्याला सावलीच्या टोकावर कोळशाची नवी रेघ मारायची, एक दिवस तू, एक दिवस ती, आणि दुसऱ्या दिवसापुरती तीच हद्द. एकमेकींवर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही सूर्यावर टाकलात.

आता पुढचं मला तुकड्यांतच आठवतं. होळीच्या आसपास आंटीने आपल्या साडीचा काठ आत दुमडला. पाडव्याला आणखी दुमडला. रोज एखाद-दुसरं बोट रेघ जिन्याकडे जात होती, आणि बोटभर फरक काल कुठे होता हे कुणाला सांगता येणार. आंटीला वाटलं तुझ्या पाळीला तू रेघ अलीकडे मारतेस. मग ती भोंग्याच्या आधीच येऊन उभी राहायला लागली. रेघ सावलीवरच पडते हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती आणि तरी तिची जागा आटत होती. बहेन, मेरा हिस्सा किधर जा रहा है, असं ती विचारायची तेव्हा पहिल्यांदा त्यात चेष्टा होती, नंतर ती राहिली नाही. तू म्हणायचीस, ‘खांब तुजा, सावली तुजी. मना काय इचारतेस?’ आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत तू आणखी एक साडी आणून पसरायचीस. ती साडी नेहमी धुतलेली, घडी घातलेली, तयार असायची. तेव्हा मला तुझ्या टापटिपीचं कौतुक वाटलं होतं. हल्ली त्या घडीचंच मला कोडं पडतं.

आणि मग मे महिन्यातला तो दिवस. भोंगा झाला. तुम्ही दोघी खांबापाशी, मी जिन्याच्या दारात. पाय भाजत होते म्हणून मी एका पायावर. सावली नव्हती. खांब उभा, ऊन रणरणतं, आणि खांबाची सावलीच नाही. अँटेनाच्या आडव्या काड्यांच्या चार पुसट रेघा खांबाच्या पायाशी पडल्या होत्या, बाकी काही नाही. आंटी तोंडावर हात ठेवून मागे सरली. मग ओरडली, ‘साया ही खा गयी! तूने कुछ करवाया है, बहेन, तूने मेरे घर पर कुछ करवाया है!’ खालच्या मशिनी बंद पडल्या, लोक जिन्यात आले. करणी केल्याचा आळ भर लोकांत. तू खांबाच्या बुडाकडे बघितलंस. मग माझ्या दंडाला धरून तू मला उन्हात ओढलंस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास, हिंग आणि पापडखाराचा वास येणारा हात, आणि म्हणालीस, ‘हिच्या डोक्यावर हात ठिवून सांगते, मी काय बी केला नाय. केला असंल तर...’ पुढचं तू बोलली नाहीस. मी खाली बघितलं तर माझीही सावली पावलांखाली जाऊन बसली होती. मला वाटलं, आता मी मरणार.

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. आंटीच्या घरचा पापड आपल्या दारात आला तर तू ताट झाकून परत पाठवलंस. पावसाळ्यात मला कावीळ झाली, तेव्हाचं मात्र एक मला लख्ख आठवतं. मी खाटेवर पिवळी पडून आहे. संध्याकाळी तू कुरडयांनी भरलेलं ताट पदराखाली घेऊन बाहेर जातेस, आणि थोड्या वेळाने परत येतेस, ताट रिकामं, डोळे लाल. कुठे गेली होतीस, मी विचारते. ‘झोप,’ तू म्हणतेस. पुढच्या वर्षी आंटीचं बिऱ्हाड तिथून हललं. तिने पापडाचं काम सोडलं, मुलाच्या कापडाच्या दुकानात बसायला लागली, असं कानावर आलं. सगळी गच्ची तुला मिळाली आणि तू ती कधी पूर्ण वापरली नाहीस. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता आताचं सांगते. मी अंबरनाथ पूर्वेला राहते, नोकरीतून मोकळी झाले आहे, आणि सोसायटीच्या गच्चीची किल्ली माझ्याकडे असते, कारण दुसऱ्या कुणाकडे दिली की तिथे काय चालतं याची मला खात्री नसते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोबाइलवर मेसेज आला की अमुक दिवशी दुपारी आपल्या भागात सावली नाहीशी होणार, सर्वांनी गच्चीवर यावं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने पाठवला होता. मी लगेच ओळखलं, अफवा. असल्या मेसेजच्या मागे काहीतरी विकायचं असतं. तरी मी किल्ली घेऊन वर गेले, ती काय करते ते बघायला, आणि तिने सावली बघायला उभ्या केलेल्या पाइपवर माझा भरवसा नव्हता म्हणून घरून स्वतःचं लाटणं नेलं. कणकेच्या गोळ्यात रोवून उभं केलं. साडेबारा उलटले. लाटण्याची सावली आखडत आखडत त्याच्या बुडाशी शिरली आणि गेली. पोरं टाळ्या वाजवत होती. मला घेरी आल्यासारखं झालं, शिक्षिकेने मला टाकीखालच्या आडोशाला बसवून पाणी दिलं. तिला वाटलं ऊन लागलं. मी तिला म्हटलं, हे आज काही नवीन नाही, मी हे आधी बघितलंय आणि त्यापायी माझ्या डोक्यावर हात ठेवला गेलाय.

तिने मला जे समजावलं ते मी लगेच मानलं नाही. पुढच्या संक्रांतीपासून मी रोज दुपारी साडेबाराला लाटणं उभं करायचे आणि सावलीच्या टोकावर फरशीला एक टिकली चिकटवायचे. कपाळाची टिकली, लाल. मे उजाडेपर्यंत टिकल्यांची रांग लाटण्याच्या बुडाकडे सरळ चालत आली होती, कुणी तिला हात न लावता. आई, पृथ्वी ताठ नाही. ती कलून फिरते, आणि कललेली ती त्याच एका बाजूला राहते. सूर्याभोवती जाताना अर्धं वर्ष आपला हा उत्तरेकडचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो आणि अर्धं वर्ष त्याच्यापासून दूर. म्हणून थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावली उत्तरेकडे लांब पडते. ऊन चढत जातं तसा तो वर येतो, मेच्या मध्यावर आपल्या बरोबर डोक्यावर, आणि सावली नाहीशी. मग आणखी उत्तरेला जाऊन परत फिरतो, तेव्हा पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तोवर जुलै संपत आलेला असतो आणि ढगांत ते कुणाला दिसत नाही. गुरू म्हणे जवळजवळ ताठ उभा आहे. तुम्ही दोघींनी गुरूवर वाळवण घातलं असतं तर ती रेघ फारशी हललीच नसती आणि आंटी आजही तुझी बहीण असती. मंगळावर मात्र भांडण झालंच असतं, तो आपल्याइतकाच कललेला आहे. आणि युरेनस तर आडवाच पडलाय, तिथे तुम्ही एकमेकींचे जीवच घेतले असते. चीक का सांडत नाही ते पण मला आता कळलंय. पातेलं, चूल, तू, मी, सगळेच एकाच वेगाने चाललोय, धक्का कुणालाच बसत नाही.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. कुणीच लबाडी केली नव्हती. तू रेघ सरकवली नव्हतीस, आंटीने उगाच आळ घेतला नव्हता, तिची जागा खरोखरच गेली होती. खांब जिन्यापाशी, म्हणजे दक्षिणेला, आणि तुझी बाजू उत्तरेची. रेघ दक्षिणेकडे सरकत गेली, दोन साड्यांच्या रुंदीची जागा तिच्याकडून तुझ्याकडे आली. मी ठरवलं की आंटी असेल तिथे जाऊन तिला हे सांगायचं. आणि त्या आनंदातच, भांडी घासताना, मला बदलापूरच्या गावातल्या घरातला कवडसा आठवला.

तुझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात एक कौल फुटकं होतं आणि तुम्ही ते मुद्दाम बदलत नव्हता. मी सुट्टीत तिथे आहे. तू शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला उन्हाचा रुपयाएवढा ठिपका मला दाखवते आहेस. ‘थंडीत ह्यो पल्याडच्या भितीकडं पळतो. ऊन वाढला का परत मदी येतो. आंबं उतरायच्या येळंला हितं, ह्या जात्यावर. जात्यावर आला का आई लोनच्याची बरनी काढायची.’ तुझ्या आवाजात त्या दिवशी अजिबात संशय नाही. ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे, जसं कुणाची गाय कधी व्यायली ते ठाऊक असतं. आई, कवडसा आणि सावलीचं टोक एकाच वाटेने जातात. थंडीत उत्तरेकडे लांब, उन्हाळ्यात परत. ज्या बाईने तो कवडसा दरवर्षी जात्यावर येताना बघितला, तिने संक्रांत झाल्या झाल्या सावलीची हद्द सुचवली आणि उत्तरेची बाजू मागून घेतली. वर घडी घातलेली जास्तीची साडी तयार ठेवली. मी भांडी तशीच टाकून खाली बसले. भाजीवाल्याचा काटा तपासायला तू मला शिकवलं होतंस, आणि तुझा काटा तपासायचं इतकी वर्षं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तरी गेले. आंटी कॅम्प दोनमध्येच सापडली, मुलाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पलंगावर. कानाने कमी ऐकते, डोळे मात्र चांगले आहेत. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला दारातच थांबवून नीट न्याहाळलं. ‘पैसा मांगने तो नहीं आयी?’ नाही म्हटलं. मग आत बोलावलं, आणि सुनेला हाक मारली, ‘अरी, पापड-पानी ला!’ भाजलेला पापड आला. मी तो खाल्ला, आई. पिशवीतून लाटणं काढलं, तिच्या पलंगावरची उशी म्हणजे सूर्य, वाटी म्हणजे पृथ्वी, असं करून मी तिला सगळं समजावलं. वाटी कललेली धरून उशीभोवती फिरवली. ती दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती, मी वाटी मध्येच सरळ तर करत नाही ना ते. मग म्हणाली, ‘मतलब, तेरी माँ ने रेघ नहीं सरकायी.’ नाही. ‘और मैं भी झूठ नहीं बोली.’ नाही, आंटी. तिने पदर डोळ्यांना लावला. ‘हाय, मैंने उसको सब के सामने क्या क्या बोला. आखी जिंदगी एक धूप के पीछे.’ मी तिचा हात धरला. तेवढ्यावर उठले असते तर बरं झालं असतं.

पण तुझी मैत्रीण ती. तिने डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला. ‘एक बात बता. छाँव सरकी, तो फायदा किसका हुआ?’ मी म्हटलं, आमचा. ‘हाँ. और खंबे का आयडिया किसका था?’ मी लाटणं पिशवीत ठेवायला लागले. मग तिने मला ते सांगितलं, जे तू मला ‘झोप’ म्हणून टाळलं होतंस. माझ्या काविळीत तू तिच्या दारात गेलीस, कुरडयांचं ताट तिच्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, सुटली म्हण. आंटी म्हणाली, ‘मुझे क्या मालूम सुटली माने क्या. बोलती रही, भाभी, पोरीची शपथ सुटली म्हण. रो रही थी. तो मैं बोली, सुटली, सुटली, सुटली. बाद में किसी मराठीवाली से पूछा, तब पता चला, कसम छुड़ाने आयी थी.’ ती माझ्याकडे सरळ बघायला लागली. ‘तब से यही सोचती हूँ. सच्ची थी, तो छुड़ाने क्यों आयी?’

आई, सुनेनं पंखा बंद करून चालू केला तेवढा वेळ मला मिळाला. त्या वेळात मी तुझी बाजू शोधत होते. पोर आजारी पडलं की कुठलीही आई घाबरते, हे म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण आंटीला तेवढ्याने पटलं नसतं, ती तुझ्यासारखीच आहे, तिला काटा रिकामा बघायचा होता. म्हणून मी म्हटलं, ‘आंटी, तिला कुठून कळणार? चौथीच्या पुढे शाळेची पायरी चढली नाही. पृथ्वी फिरते हेसुद्धा तिला पटायचं नाही. माझं पाठांतर ऐकून विचारायची, मग चीक का सांडत नाही.’ कवडशाचं मी बोलले नाही. आंटी आधी हसली, मग हसता हसता तिचा चेहरा सैल पडला, तिच्या अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखा. ‘हाँ,’ ती म्हणाली, ‘भोली थी बिचारी. उसको क्या पता सूरज का.’ तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघताना पापडांचं पुडकं दिलं, विकतचं.

तुला जन्मात कुणी भोळी म्हटलं नव्हतं. मी म्हणवून आले. आंटीला आता शांत झोप लागत असेल, तुझं नाव तिच्या घरात चांगल्या शब्दांत निघत असेल, आणि ते मीच घडवून आणलं, याचं समाधान मला वाटायला हवं होतं. त्याऐवजी परत येताना रिक्षात मी त्या बाईवर आतल्या आत चिडत होते. भोळी म्हणे. माझी आई! शपथेचा शब्दसुद्धा तू काळजीपूर्वक निवडला असशील असा मला संशय आहे, ‘केला नाय’ म्हणालीस, ‘ठाऊक नव्हतं’ म्हणाली नाहीस, आणि ताट घेऊन गेलीस ते माझ्या जिवाची भीती वाटली म्हणून, आणि पुढे सगळी गच्ची मिळूनही अर्धी रिकामी ठेवलीस ते मनाला लागलं म्हणून. हे सगळं खरं असेल तर तू आंटीला फसवलंस, आणि ते वाईट केलंस. दोन साड्यांच्या जागेसाठी तुझ्या एकुलत्या मैत्रिणीला गमावलंस आणि मला पणाला लावलंस, याचा मला राग आहे, तो मी लपवणार नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि आंटीला वाचून दाखवायची माझी छाती नाही. घरातही कुणाच्या हाती लागू नये म्हणून आता फाडून टाकीन. त्याआधी एकच गोष्ट कबूल करते, तुझ्याशी खोटं बोलून काही उपयोग नाही म्हणून. तुझं निर्दोष असणं मला सिद्ध करता येईल, तसं करून मी आलेही आहे. पण तुला खरंच काही कळत नव्हतं, हे मानायला माझं मन तयार होत नाही. आई, तुला ठाऊक होतं, असंच मला हवं आहे.